यंत्रातील सराफ

रुपया वाजवून घ्यावा, ही शिकवण आपल्याकडे इतकी जुनी आहे की ती कोणी कोणास प्रथम दिली, हे विचारण्याचे कारणच पडत नाही. माणसाची योग्यता सांगावयाची झाली तरी आपण 'बंदा रुपया' म्हणतो, 'खणखणीत नाणे' म्हणतो. आणि ज्याच्यावर विसंबता येत नाही त्यास 'खोटा पैसा' म्हणून बाजूस सारतो. ह्या वाक्प्रचारांच्या मागे एक काळ उभा आहे. त्या काळी बाजारात आलेला प्रत्येक रुपया संशयित असे, आणि त्याचा न्याय करावयास सराफ बसलेला असे. सराफाची ती गादी आता राहिली नाही. परंतु त्याचे काम संपले असे मात्र नव्हे. ते एका लोखंडी पेटीकडे गेले आहे. फटीतून नाणे टाकले की ही पेटी त्याचे माप घेते, वजन पाहते, धातू ओळखते. पटल्यास माल हाती देते, न पटल्यास नाणे परत करते. अशा पेट्यांचा, म्हणजे नाण्यावर चालणाऱ्या नव्या यंत्रांचा आणि जुनी यंत्रे दुरुस्त करून पुन्हा विकण्याचा, जो व्यापार जगात चालत आला त्याचा थोडा इतिहास येथे सांगावयाचा आहे.

विषय किरकोळ वाटेल. वजन सांगणारा फलाटावरचा काटा, रुपया घालून बोलावयाचा दूरध्वनी, ह्यांत इतिहास तो काय असावयाचा, असे वाचक म्हणतील. परंतु गेल्या काही वर्षांत हेच यंत्र खानदेशातील खेड्यांत पाणी विकू लागले आहे, आणि त्यामुळे ह्या किरकोळ विषयास एक गांभीर्य आले आहे. पाणी कोणास द्यावे, कोणी द्यावे आणि कशाच्या मोबदल्यात द्यावे, हा प्रश्न आपल्या समाजाने शेकडो वर्षे निरनिराळ्या रीतींनी सोडविला, आणि कित्येकदा अत्यंत अन्यायाने सोडविला. आता त्याचे उत्तर एका पेटीने द्यावे, असे ठरू पाहत आहे. म्हणून ह्या पेटीचे कुलशील पाहणे अगत्याचे झाले आहे.

हे पाहताना आम्ही फैजपूर हे गाव दृष्टीसमोर ठेवले आहे. सातपुडा आणि तापी ह्यांच्या मधल्या सुपीक पट्ट्यातील, यावल तालुक्यातील हे गाव एके काळी सुती कापडावरील छपाईबद्दल, गडद निळ्या व तांबड्या रंगकामाबद्दल आणि लाकडाच्या मोठ्या आठवडे बाजाराबद्दल प्रसिद्ध होते. जेथे दूरदूरचे व्यापारी येतात तेथे दूरदूरची नाणीही येतात. जवळच बऱ्हाणपूर; तेथे मोगल अमदानीत टांकसाळ होती. दक्षिणेकडे चांदवड, तेथील चांदवडी रुपया ह्या प्रांतात चालत असे. त्याखेरीज अंकुशी रुपया होता आणि इतर संस्थानांची व शहरांची नाणी होती. ह्या प्रत्येक रुपयाचे वजन निराळे, रुप्याचा कस निराळा, आणि त्यामुळे भावही निराळा. लाकडाचा ओंडका विकून आलेले रुपये घेऊन मनुष्य सराफाकडे जाई. सराफ ते दगडावर वाजवी, बोटांनी चाचपी, काट्यात घाली आणि मग बट्टा कापून चलनी रुपये देई. त्याचा हा निर्णय केवळ धातूचा नसे. समोरचा मनुष्य कोण, ओळखीचा की परका, अडलेला की निवांत, हेही तो पाही. आणि बट्ट्याचा आकडा त्याप्रमाणे कमीजास्त होई.

इ. स. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली गेला. इ. स. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात एकच रुपया ठरला. त्याचे वजन १८० ग्रेन, आणि बारा भागांत अकरा भाग शुद्ध रुपे. मुंबईची नवी टांकसाळ त्याच्या थोडे आधी, इ. स. १८३० च्या सुमारास, वाफेच्या यंत्रांवर नाणी पाडू लागली होती. हातोड्याने ठोकलेली दोन नाणी कधी तंतोतंत सारखी होत नसत. यंत्राने दाबलेली लाख नाणी मात्र एकाच मापाची निघू लागली. जुनी नाणी बाजारातून एकदम नाहीशी झाली नाहीत, बट्टाही एका दिवसात सुटला नाही. तथापि ज्या दिवशी एक रुपया दुसऱ्या रुपयासारखाच झाला, त्या दिवशी सराफाच्या बोटांची विद्या अर्धी निरुपयोगी झाली. नाण्याचा न्याय करण्यास आता शहाणा मनुष्य नको होता. माप पुरे होते. आणि जे काम मापाने होते ते यंत्रास शिकविता येते.

नाण्यावर चालणाऱ्या यंत्राचा सारा इतिहास ह्या एका वाक्यात आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. कारण असे यंत्र बनविण्याचे कौशल्य मनुष्यास फार पूर्वीच साधले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया नगरीतील हेरॉन नामक गणितज्ञाने आपल्या ग्रंथात एका पात्राचे वर्णन केले आहे. ते देवळासाठी होते. भाविकाने वरच्या फटीतून पाच द्राक्मांचे नाणे टाकावे. ते आतील तराजूच्या दांडीच्या एका टोकावर पडे. दांडी कलली की दुसऱ्या टोकाशी बांधलेले झाकण उचलले जाई आणि पवित्र जल बाहेर येई. नाणे घसरून खाली पडले की दांडी पूर्ववत होई व पाणी थांबे. वाचकांनी हे लक्षात ठेवावे की जगातील ज्या पहिल्या नाणेयंत्राचे वर्णन आपणांस उपलब्ध आहे, ते पाणी देणारे यंत्र होते. परंतु हेरॉनचे हे यंत्र नाणे आणि खडा ह्यांत भेद करीत नसे. पुरेसे वजन पडले की झाकण उघडे. देवळात येणारा देवास फसविणार नाही, ह्या भरवशावर ते उभे होते.

ह्यापुढे सुमारे सतरा-अठराशे वर्षे ह्या कल्पनेची वाढ झालेली दिसत नाही. इंग्लंडातील खानावळींत तंबाखूची एक पितळी पेटी ठेवीत. नाणे टाकले की तिचे झाकण उघडे. पण उघडलेल्या पेटीतून चिमूटभर घ्यावयाची की मूठभर, हे घेणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर असे. इ. स. १८२२ मध्ये लंडनचा प्रकाशक रिचर्ड कार्लाइल ह्याने पुस्तके विकण्याची एक यांत्रिक सोय केली. सरकारला अप्रिय असलेली पुस्तके विकल्याबद्दल त्याच्या माणसांवर खटले होत. तेव्हा त्याने अशी युक्ती केली की गिऱ्हाइकाने तबकडीवरील काटा हव्या त्या पुस्तकाच्या नावावर फिरवावा, पैसे टाकावेत आणि पुस्तक खाली पडावे. विकणारा कोण हे कोणास दिसू नये. ह्या युक्तीने खटले टळले नाहीत. पण यंत्राचा एक गुण मात्र तिने उघड केला. यंत्राच्या आड विकणाराचे तोंड दिसत नाही, आणि विकणारासही घेणाऱ्याचे तोंड दिसत नाही. ह्या गुणाचा उपयोग पुढे आपल्या देशाच्या संदर्भात पाहावयाचा आहे.

खरा व्यापार सुरू झाला तो इ. स. १८८० नंतर. पर्सिव्हल एव्हरिट ह्या इंग्रज कारागिराने लंडनमध्ये टपालपत्रे विकणारे यंत्र मांडले, आणि पाठोपाठ नाणे टाकून वजन करण्याच्या यंत्राचा हक्क नोंदविला. लोकांनी त्याच्या यंत्रांच्या फटींत कागदाचे बोळे आणि संत्र्याच्या सालीदेखील कोंबल्या. ह्या उपद्रवातूनच यंत्रातील सराफ शहाणा होत गेला. फटीची रुंदी नाण्याच्या व्यासाएवढी व जाडीएवढी झाली. आत लहानशी तुला आली, तिच्यावर हलके नाणे तरे आणि जड नाणे उतरे. लोखंडाची चकती पकडण्यास लोहचुंबक आला. नाणे उतारावरून घरंगळत आले की ते ठराविक अंतरावर उडते किंवा नाही, हे पाहण्यास पोलादी ऐरण आली. नाणे वाजवून पाहणे ते हेच! इ. स. १८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या उन्नत लोहमार्गाच्या फलाटांवर टुटी-फ्रुटी गोंद देणारी यंत्रे बसली. १८८९ मध्ये हार्टफर्ड येथे विल्यम ग्रे ह्याने नाणे टाकून बोलण्याचा दूरध्वनी बसविला. पुढील चाळीस वर्षांत शिकागो शहर ह्या धंद्याचे माहेरघर झाले. खाऊची, गाण्याची, खेळाची आणि जुगाराची यंत्रे तेथे तयार होत.

येथेच दुरुस्त यंत्रांचा व्यापार जन्मास आला. नव्या यंत्राची नवलाई एका गावात वर्ष-दोन वर्षे टिके. मग ते उचलून, धुऊन, रंगवून, झिजलेले भाग बदलून दुसऱ्या गावी विकीत. 'बिलबोर्ड' ह्या अमेरिकन साप्ताहिकाच्या नाणेयंत्रांच्या पानांवर नव्या यंत्रांच्या शेजारी दुरुस्त केलेल्या यंत्रांच्या जाहिराती रांगेने छापल्या जात. इ. स. १९४२ मध्ये युद्धासाठी धातू राखून ठेवण्याकरिता तेथील सरकारने करमणुकीची नवी यंत्रे बनविण्यास बंदी केली, तेव्हा तर सारा धंदा जुन्यावरच चालला. जुन्या यंत्राचा व्यापारी हा वस्तुतः दोन गोष्टी विकतो. एक, लोखंडाचे शिल्लक राहिलेले आयुष्य. आणि दुसरी, 'आत सर्व ठीक आहे' हा शब्द. पहिली गोष्ट घेणाऱ्यास पाहता येते. दुसरी त्यास मानून घ्यावी लागते. म्हणजे ज्या यंत्राने विश्वासाचे कारण उरू नये म्हणून जन्म घेतला, त्याच्याच खरेदीत विश्वास पुन्हा मागच्या दाराने आत आला.

आता आपल्या प्रांताकडे वळू. जुगाराची यंत्रे महाराष्ट्रात कायद्याने रुजली नाहीत. मुंबई इलाख्यात जुगारबंदीचा कायदा इ. स. १८८७ चा आहे. गोव्यात मात्र १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांतून अशा यंत्रांस वाट मिळाली. तो निराळा विषय आहे. सामान्य मराठी कुटुंबाची नाणेयंत्राशी ओळख झाली ती रेल्वेच्या फलाटावर. फैजपुरास लोहमार्ग नाही. तेथील मनुष्य सावदा स्थानकावर किंवा भुसावळ जंक्शनवर जाई. भुसावळसारख्या मोठ्या स्थानकावर लाल-पिवळ्या दिव्यांचे, आरशाचे आणि गरगर फिरणाऱ्या चक्राचे ते वजनाचे यंत्र उभे असे. त्याच्या पाटावर चढावे, चक्र थांबण्याची वाट पाहावी, नाणे टाकावे, की खटकन जाड कागदाचे एक तिकीट बाहेर येई. एका बाजूस वजन, दुसऱ्या बाजूस भविष्य किंवा स्वभाववर्णन, आणि पुढे पुढे सिनेनटाचे वा नटीचे चित्र. वजनापेक्षा भविष्याचीच गोडी पुष्कळांस अधिक वाटे. मुले दोघे-दोघे पाटावर चढून एकाच नाण्यात दोघांचे वजन काढीत आणि मग भागाकार करीत बसत!

ह्या बिचाऱ्या यंत्राची परीक्षा प्रवाशांनी जितकी घेतली नसेल तितकी सरकारी टांकसाळीने घेतली. इ. स. १९०७ मध्ये कंगोऱ्यांचा निकेलमिश्रित आणा निघाला. १९४३ मध्ये, युद्धात तांबे महाग झाले म्हणून, मध्ये भोक असलेला पैसा निघाला. त्याचे वजन जुन्या पैशाच्या निम्म्याहूनही कमी होते. तुलेवर नाणी जोखणाऱ्या यंत्राने अशा पैशास ओळखावे तरी कसे? १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धती आली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले, आणि आण्याच्या मापाची फट नव्या नाण्यांस जुळेनाशी झाली. त्यानंतरही रुपया स्वस्थ बसला नाही. १९८० नंतरच्या दशकातील ६ ग्रॅमचा निकेलमिश्रित रुपया १९९२ मध्ये ४.८५ ग्रॅमचा पोलादी झाला, आणि २०११ मध्ये त्याहून लहान व ३.७९ ग्रॅमचा झाला. त्याच साली जूनअखेर पंचवीस पैसे व त्याखालील नाणी चलनातून बाद झाली. अशा प्रत्येक बदलाच्या वेळी यंत्राच्या मालकापुढे तीनच वाटा राहत. यंत्र भंगारात घालावे, नवे घ्यावे, किंवा कारागिराकडून फट, तुला व घसरगुंडी बदलून घ्यावी. अमेरिकेत यंत्रे दुरुस्त झाली ती नवलाईच्या ओढीने. आपल्याकडे ती दुरुस्त झाली ती नाणे बदलले म्हणून. आपल्या देशातील जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीचे हे विशेष कारण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

फलाटावरील यंत्रानंतर रुपयाचा दूरध्वनी आला. दोन हजार सालाच्या आगेमागे किराणा दुकानाच्या फळीवर, पानपट्टीच्या टोकास, रुग्णालयाच्या दाराशी लाल किंवा पिवळी पेटी टांगलेली दिसे. रुपया टाकावा, मिनिटभर बोलावे. सूचनेचा आवाज आला की दुसरा रुपया टाकावा. केळीच्या भावाची चौकशी, मुंबईस नोकरीस असलेल्या मुलाची खुशाली, बाळंतपणाची वार्ता हे सारे त्या पेटीतून गेले. भ्रमणध्वनी स्वस्त होताच दहाएक वर्षांत ह्या पेट्या निरुपयोगी झाल्या आणि भंगारवाल्यांच्या काट्यावर चढल्या. नाणेयंत्राचा धंदा संपला, असे त्या वेळी कोणासही वाटले असते. परंतु तसे झाले नाही. त्याने केवळ माल बदलला.

खानदेशचा उन्हाळा ज्यांनी अनुभविला आहे त्यांस पाण्याचे मोल सांगणे नको. चैत्र-वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. यावल व रावेर हे केळीचे तालुके. पण केळीसाठी भूगर्भातून इतके पाणी उपसले गेले आहे की भूजलाच्या सरकारी गणनेत ह्या तालुक्यांची नोंद अतिशोषित म्हणून झाली आहे. विहिरी खोल गेल्या, कूपनलिका त्याहून खोल गेल्या, आणि खोलवरच्या पाण्यात क्षार वाढले. अशा स्थितीत गावोगाव पाणी गाळण्याचे संच बसले आणि त्यांच्या तोंडाशी नाणेयंत्र आले. लोकांनी बँकेच्या यंत्रावरून त्यास 'पाण्याचे एटीएम' असे नाव दिले. पाच रुपयांचे नाणे टाकले की वीस लिटरांचा जार भरतो, हा पुष्कळ ठिकाणचा परिपाठ. पाण्याच्या पेटीत आतील भाग मोजकेच. नाणे पारखणारा तुकडा, हुकूम देणारी विजेची पाटी, पाणी सोडणारी झडप, आणि वेळ किंवा प्रवाह मोजणारे मापक. यंत्र बिघडते ते बहुधा ह्या चार ठिकाणी. दुरुस्त करणारा प्रथम पाहतो तेही ह्याच चार ठिकाणी.

ह्यांतील नाणे पारखणाऱ्या तुकड्याची एक जात मोठी मनोरंजक आहे. तिच्यात यंत्रचालकाने एक अस्सल नाणे नमुना म्हणून कायमचे अडकवून ठेवावयाचे असते. टाकलेले नाणे त्या नमुन्याजवळून जाते तेव्हा विजेच्या वेटोळ्यांनी दोहोंच्या धातूची व आकाराची तुलना होते. जुळले तर पाणी, न जुळले तर नाणे परत. जुना सराफ संशय आला की आपल्या पेटीतील खात्रीचा रुपया काढून शेजारी ठेवी, तीच ही रीत! परंतु येथेही टांकसाळ आडवी येते. पाच रुपयांचे १९९२ चे जाड नाणे ९ ग्रॅमचे. पुढचे पोलादी व त्यानंतरचे पितळी ६ ग्रॅमचे. व्यास मात्र तिन्हींचा २३ मिलिमीटर. नमुना एका जातीचा ठेवला तर दुसऱ्या जातीचे खरे नाणेही यंत्र परत करते. सकाळी हंडा घेऊन आलेल्या बाईस ह्या शास्त्राशी काय कर्तव्य? तिचे नाणे खरे आहे, सरकारी आहे, आणि तरी पेटी ते घेत नाही. दहा रुपयांच्या नाण्याचा अनुभव ह्याहून विलक्षण आहे. त्याची अनेक रूपे चलनात आल्याने बाजारातल्या माणसांनीच ते नाकारावयास आरंभ केला. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेस सर्व चौदा नमुने खरे आहेत असे जाहीर करावे लागले. दीडशे वर्षांपूर्वी जो संशय संपला असे आपणांस वाटले होते, तो असा अधूनमधून डोके वर काढतो.

ज्या ग्रामपंचायती व बचतगट अशी यंत्रे घेतात, त्यांच्यापुढे नवे घ्यावे की दुरुस्त केलेले घ्यावे हा प्रश्न असतो, आणि किंमत कमी म्हणून दुसऱ्याकडे मन ओढते. त्यात गैर काही नाही. पत्र्याची पेटी व झडप ह्यांस नवेपणाचे सोयरसुतक नसते. परंतु गाळणीचे पडदे झिजलेले असतील, तर बाहेरून चकचकीत रंगविलेले यंत्र आतून जसेच्या तसे पाणी देत राहते, आणि घेणाऱ्यास ते कळण्याचा मार्ग नसतो. वजनाचे यंत्र चुकले तर दोन शेरांची चूक. पाण्याचे यंत्र चुकले तर घरातील पोर आजारी. ह्याखेरीज असे संच गाळताना पाण्याचा मोठा भाग टाकाऊ म्हणून सोडून देतात. अतिशोषित तालुक्यात तो भाग गटारात जाऊ देणे म्हणजे दुष्काळास घरी जेवावयास बोलाविणे होय.

पण आमच्या मते खरा प्रश्न ह्याहून खोल आहे. पाणी यंत्राने विकावे की नाही, ह्याचा विचार करताना यंत्राच्या आधी पाणी कसे मिळत असे, ते प्रामाणिकपणे आठविले पाहिजे. पाणपोईची आठवण आपणांस गोड वाटते. तांबड्या फडक्यात गुंडाळलेले रांजण, वाळ्याचा सुवास, ओगराळ्याने घातलेले गार पाणी. ही आठवण खोटी नाही. पण ती सर्वांची नाही. त्याच पाणपोईवर काहींच्या ओंजळीत पाणी वरून आणि दुरून ओतले जाई. रेल्वेच्या फलाटांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशी निरनिराळी पिंपे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत होती. सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे असावेत, हा रावबहादूर बोले ह्यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये संमत झाला. तरी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेण्यास २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांस हजारो माणसांचा सत्याग्रह करावा लागला, आणि त्या तळ्यावरील हक्काचा उच्च न्यायालयातील निकाल येण्यास १९३७ साल उजाडले. फुकट पाण्याची किंमत कोणी कोणत्या रूपाने मोजली, हे ह्यावरून दिसते.

ह्या इतिहासापुढे ती लोखंडी पेटी ठेवून पाहावी. ती नाणे विचारते. नाव विचारीत नाही. आडनाव, आळी, धर्म, ह्यांतील काहीही तिला ठाऊक नाही, कळण्याचा संभवही नाही. कार्लाइलने खटले चुकविण्यासाठी ज्या गुणाचा उपयोग केला तोच हा गुण, परंतु येथे त्याचे मोल कितीतरी वाढते. ज्याच्या आजाने विहिरीपासून वीस हात दूर उभे राहून कोणीतरी पोहरा ओतील म्हणून वाट पाहिली, त्याचा नातू आज पाच रुपये टाकून कोणाच्याही मेहेरबानीवाचून जार भरतो. हे लहान काम नव्हे. यंत्रामुळे माणुसकी लोपली, अशी हळहळ ज्यांस वाटते त्यांनी ही हळहळ करण्यापूर्वी ती माणुसकी कोणाच्या वाट्यास आली होती, हेही पाहावे.

तथापि न्यायाच्या तराजूस दुसरे पारडेही असते. जी पेटी जात विचारीत नाही, ती तहानही विचारीत नाही. ज्याच्या हाती नाणे नाही त्यास ती एक थेंब देत नाही, आणि ज्याच्यापाशी दहाची नोट आहे पण सुटे नाहीत त्यासही देत नाही. जुना सराफ कठोर असला तरी ओळखीच्यास 'उद्या दे' म्हणू शके. यंत्रास उधारी माहीत नाही, दयाही माहीत नाही. अलीकडे नाण्याऐवजी भ्रमणध्वनीने चौकोनी चित्र टिपून पैसे भरण्याची सोय कित्येक यंत्रांवर झाली आहे. त्यामुळे सुट्यांची अडचण गेली. पण ज्याच्यापाशी तसा भ्रमणध्वनी नाही अशा म्हातारीसाठी एक नवी भिंत उभी राहिली. एक भिंत पडली आणि तिच्याच विटांची दुसरी बांधली गेली, असे होऊ नये.

पाणी वाटण्याच्या आणखीही रीती खानदेशास ठाऊक आहेत. आखाजीच्या दिवशी घराघरांत पितरांच्या नावे घागर भरतात. पाणी देणे हे पुण्य आहे, ही भावना त्या घागरीत असते. आणि पांझरेच्या खोऱ्यात शेकडो वर्षे चालत आलेली फड पद्धत तर जगाने नावाजली आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालील जमिनीचे फड. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे हे शेतकऱ्यांनी मिळून ठरवावयाचे, आणि पाटकऱ्याने ठरल्याप्रमाणे पाणी सोडावयाचे. पाणी कमी असेल त्या वर्षी ती तूट सर्वांनी वाटून घ्यावयाची. येथे दान नाही आणि विक्रीही नाही. येथे करार आहे. त्या करारालाही आपल्या काळाच्या मर्यादा होत्या, कारण ज्यास जमीन नाही त्यास फडही नव्हता. परंतु पाण्याचा हिशेब चारचौघांत मांडला जाई, ही गोष्ट तीत शिकण्यासारखी आहे.

येथे फैजपूरच्या इतिहासातील सर्वांत मोठा प्रसंग आठवतो. २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन येथे भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. नंदलाल बोस ह्यांनी बांबू आणि गावात मिळणारे साहित्य घेऊन टिळकनगर सजविले, आणि गांधीजींच्या आग्रहाने तेथे खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन मांडले गेले. गांधीजी यंत्राचे वैरी होते, असे सरसकट म्हणण्याचा प्रघात आहे. पण १९२४ मध्येच त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद करून सांगितले होते की आपला विरोध यंत्रास नसून यंत्राच्या वेडास आहे, आणि कसोटी ही की यंत्राच्या मुळाशी माणसाचा विचार आहे की लोभाचा. फैजपूरच्या परिसरात उभ्या राहणाऱ्या पाण्याच्या पेटीस ही कसोटी लावणे अयोग्य होणार नाही. किंबहुना तिला लावण्यास ह्याहून चांगली कसोटी आम्हांस दिसत नाही.

ती लावली असता काही साध्या गोष्टी निघतात. पेटीच्या शेजारी एक नळ नाण्यावाचून चालणारा असावा. वाटसरूने ओंजळभर प्यावे, त्याने हंडा भरू नये, एवढी मर्यादा गाव सहज पाळील. पेटीत महिन्याकाठी किती नाणी पडली आणि पडद्यांवर, विजेवर, दुरुस्तीवर किती गेली, हा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. दुरुस्त यंत्र घेताना विकणाऱ्याच्या शब्दावर न राहता पाणी तपासून घ्यावे आणि ती तपासणी दर हंगामात व्हावी. टाकाऊ पाणी धुण्याभांड्याला वळवावे. आणि नाणे पारखणारा तो तुकडा उघडून, नमुना बदलून, पेटी पुन्हा चालू करण्याचे काम गावातील एकदोन तरुणांस येत असावे. ज्या गावच्या रंगाऱ्यांनी एके काळी पक्क्या रंगात नाव मिळविले, तेथे हे काम अवघड ठरण्याचे कारण नाही.

नाणेयंत्राच्या दोन हजार वर्षांच्या प्रवासात एक गोष्ट सतत दिसते. नाणे पारखण्यात ते दिवसेंदिवस तरबेज होत गेले. पण समोरचा मनुष्य त्यास पहिल्या दिवशी जितका अनोळखी होता तितकाच आजही आहे. हा त्याचा गुण आहे आणि हाच त्याचा दोष आहे. गुणाचा लाभ घ्यावयाचा आणि दोष भरून काढावयाचा, हे काम यंत्राकडून होणारे नाही. जुन्या बाजारात सराफ नाण्यास पारखी आणि बाजार सराफास पारखी. ज्याचा काटा खोटा ठरे त्याच्या गादीकडे लोक पाठ फिरवीत. आजचा सराफ पत्र्याच्या पेटीत बसला आहे म्हणून ती दुसरी पारख सोडून द्यावी, असे नाही. ती आता गावाने करावयाची आहे.